आरोपी आणि फिर्यादीच्या मधली सतरंजी

कोर्टात मी जे बोललो ते टाइप होऊन फायलीत गेलं आहे. पण त्याआधीचे चार महिने विहाराच्या ओट्यावर आडवा पडून मी काय भोगलं ते कुणी विचारलं नाही, म्हणून लिहून काढतो. चूक माझी होती. ती लहान होती, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत आलो.

माझं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. शेलूबाजारहून जीपनं वीस मिनिटांवर आमचं गाव आणि गावाच्या फाट्यावर दुकान. विहिरीवरची मोटर जळाली की लोक माझ्याकडे आणतात. मी जळकी तार काढून नवी भरतो. हात कायम वार्निशनं चिकट असतात. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मी असाच चिकट हात घेऊन बसलो असताना एक जमादार पिकअपमध्ये मोटर घालून दुकानापुढे उभे राहिले.

मोटर आमच्या गावातल्या एका काकूंची होती. या काकू म्हणजे पाच एकरांच्या मालकीण, एकट्या शेती करणाऱ्या आणि गावात कुणाचंही न ऐकणाऱ्या. त्यांच्या विहिरीवरून मोटर चोरीला गेली होती आणि पोलिसांनी ती शोधून काढली होती. आता तिचा जप्तीचा पंचनामा करायचा, तर मोटर ज्या जागी सापडली ती जागा डोळ्यांनी पाहणारे दोन पंच लागतात. जमादारांकडे मोटर होती, आरोपी होता, कागदही लिहून तयार होता. पंच तेवढे नव्हते.

"भाऊ, तुमी मोटरीतले जानकार," जमादार म्हणाले. "तुमच्याशिवाय पंच म्हनून कोन शोभते? करा सही."

"शेतात येऊन पाहू का जागा?" मी विचारलं. हे मी खरंच विचारलं होतं. माझ्या बाजूनं सांगण्यासारखं तेवढंच आहे.

"कायले? गुडघा गुडघा चिखल हाय. आमचे पाय भरले तेवढे पुरे. तुमचे कायले भरवता?"

मी माझ्या पायांकडे पाहिलं. चपला नव्या होत्या.

कागद मी हातात घेतला, पण वाचला नाही. नजर फक्त एका जागी अडली. तिथं 'तीन एचपीची मोटर' असं लिहिलं होतं.

"साहेब, हे चूक हाय. पाच एचपीची हाय हे. म्याच भरली होती मागच्या साली."

जमादारांनी तीनचं पाच केलं, खोडलं तिथं माझी सही घेतली आणि खाली आणखी एक घेतली. दुसरी सही शेजारच्या पानठेल्यावाल्यानं केली. तो पुढे पुण्याकडे कामाला गेला आणि तिकडचाच झाला. मला मात्र इतका अभिमान वाटला की माझ्यामुळे सरकारी कागद दुरुस्त झाला, हे मी घरी दोनदा सांगितलं. बायकोनं ते गावात किती वेळा सांगितलं याचा हिशेब नाही. तिच्या सांगण्यात भर पडत गेली. वर्षभरानं मी ऐकलं तेव्हा मी चोराच्या शेतात रांगत जाऊन मोटर ओढून काढली होती.

मग यंदा समन्स आलं. त्याच्या मागोमाग जमादारही आले. मधल्या काळात त्यांची बदली झाली होती आणि पोट सुटलं होतं. त्यांनी पंचनाम्याची नक्कल माझ्यापुढे ठेवली.

"पाठ करून ठेवा. वकील इचारते."

तेव्हा मी तो कागद पहिल्यांदा वाचला. त्यात लिहिलं होतं की मी दुपारी चार वाजता पोलिसांबरोबर पायी आरोपीच्या शेतात गेलो. तिथं तुरीच्या कुटाराचा, म्हणजे भुशाचा, ढीग होता. आरोपीनं माझ्यासमक्ष तो ढीग स्वतःच्या हातानं उपसला आणि आतून मोटर काढून दिली. मी साडेपाच वाजता परत आलो. कागदावरचा मी फार हिंडलेला माणूस होता.

दुसऱ्या दिवशी दुकानात उठून उभा राहिलो तर दुकान फिरायला लागलं. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आकडा पाहिला, पुन्हा फुगवला.

"कशाचं टेन्शन आहे?"

"पाच एचपीचं," मी म्हणालो.

त्यांनी गोळी लिहून दिली आणि योगा सांगितला.

आमच्या गावात योगा म्हणजे विहाराच्या छपराखालच्या ओट्यावर सकाळी सहाला भरणारा वर्ग. शिकवणारे गुरुजी एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. नोकरीत उभं राहून राहून कंबर गेली होती, ती योगानं परत आली, म्हणून ते गावाला फुकट शिकवतात. पण एसटी काही त्यांच्यातून गेली नाही. ओट्यावर त्यांनी खडूनं सीट नंबर लिहिले आहेत. पहिल्या दिवशी जो नंबर मिळेल तो कायमचा.

"पुढे सरका, पुढे सरका. दारात कोनी झोपू नका. चौदा नंबर खाली हाय, तुमी तिथं."

मी चौदावर सतरंजी टाकली. तेरा नंबरवर काकू बसल्या होत्या. त्यांना गुडघ्यासाठी योगा सांगितला होता. मला पाहून त्यांचा चेहरा फुलला.

"या, या पंचसाहेब! आता मले घोर नाई. साऱ्या गावात तुमीच एक, ज्यानं आपल्या डोयानं पाह्यलं."

मी काहीतरी पुटपुटून डोळे मिटले. उघडले तेव्हा पंधरा नंबरवर एक माणूस सतरंजी झटकत होता. तो आरोपी होता.

आरोपी माझ्याच वयाचा, गावाच्या खालच्या अंगाला राहणारा, तीन एकरांचा शेतकरी. केस लागल्यापासून त्याला धाप लागत होती. त्याच्या वकिलानं त्याला सांगितलं होतं की आरोपीचा चेहरा शांत असला की कोर्टावर चांगला परिणाम होतो. म्हणून तो चेहरा शांत करायला आला होता.

मी लगेच उठून गुरुजींकडे गेलो आणि सीट बदलून मागितली.

"काहून? खिडकी पाह्यजे काय?"

"नाई गुरुजी, जरा अडचण हाय."

"अडचण तं ड्रायव्हरलेई असते. बसा. रिझर्वेशन झालं."

अशा रीतीनं रोज सकाळी फिर्यादी, पंच आणि आरोपी एका ओळीत पाय वर करून पडू लागले. उजवीकडे काकू, ज्यांना वाटत होतं की मी सगळं पाहिलं आहे. डावीकडे तो, ज्याला पक्कं माहीत होतं की मी तिथं नव्हतोच. कारण तो तिथं होता.

पहिले काही दिवस असेच गेले. मग गुरुजींनी जोडीचं आसन काढलं. दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं, कोपरात कोपर अडकवायचं आणि हात न टेकता एकदम उठायचं. चौदाची जोडी पंधराशी लागली.

"मी तुमच्यासंगं बोलून नाई राह्यलो," तो मागून कुजबुजला. "वकिलानं सांगतलं, पंचासंगं एक शबुद बोलू नको."

"मंग नका ना बोलू."

"मी फकत श्वास सोडून राह्यलो. मोटर कुटारात नोती भाऊ. माह्या वावराच्या धुऱ्यापल्याड नाल्यात होती. नाला माहा नाई. त्याहीनं कुटार लिवलं."

"मले काय माईत?"

"तेच तं. तुमाले काय माईत!"

तेवढ्यात गुरुजींनी 'उठा' म्हटलं. तो उठला, मी नाही. त्यानं मला पाठीवर घेऊन दोन पावलं ओढत नेलं आणि आम्ही दोघं सोळा नंबरवर पडलो.

घटना एवढीच. पण मी त्या दिवशी दुकानात एकही मोटर भरली नाही. तोवर मी स्वतःला समजावत होतो की कागद खराच असणार, फक्त मी तिथं नव्हतो. आता कळलं की सगळी केसच त्या जागेवर उभी आहे. मोटर कुटारात सापडली तर तो चोर. नाल्यात सापडली तर नाला कुणाचाही. आणि कुटारात सापडली हे सांगणारा, पोलिसांशिवाय, हयात आणि हजर असा मी एकटा. मी 'हो' म्हटलं तर हा माणूस माझ्या न पाहिलेल्या कुटारापायी तुरुंगात जाणार. 'नाही' म्हटलं तर काकूंची केस जाणार. आणि काकू रोज माझ्या उजवीकडे पडून सांगत होत्या, "तुमाले पाह्यलं की माहा गुडघाई कमी दुखते."

एकदा शवासनात सगळं शांत असताना त्या मोठ्यानं म्हणाल्या, "गुरुजी, आरोपीच्या पायाचा वास येऊन राह्यला."

"काकू, आरोप सिद्ध झाला नाई अजून," आरोपी डोळे मिटूनच म्हणाला.

"पायाचा झाला."

सगळा ओटा हसला. मी मधोमध पडून छताकडे पाहत होतो. मला हसू आलं होतं, आणि हसू आलं म्हणून लाजही वाटली.

घरी बायकोला खरं सांगितलं. ती पोळी लाटत होती. लाटणं थांबलं.

"तुमी शेतात गेलेच नोते?"

"नाई."

"रांगले नाई?"

"ते तूच सांगत होती."

"मंग तवाच बोलाले काय झालं होतं? मी तं माह्या भावाच्या लग्नात सांगतलं, लाउडस्पीकर चालू असताना!"

तिला केसची काळजी नव्हती असं नाही. पण आधी लग्नाची झाली. मग पोळी तव्यावर टाकत ती म्हणाली, "काकूच्या विहिरीचं पानी पेलो आपून, टाकी फुटली होती तवा." ती बाजू कुणाची घेत होती ते मला कळलं नाही. बहुतेक पाण्याची.

शेवटी मी गुरुजींना गाठलं. वर्ग सुटल्यावर ते खडूचे नंबर पुन्हा गिरवत होते. मी सगळं सांगितलं. नव्या चपलाही सांगितल्या. मला वाटलं ते एखादा प्राणायाम देतील, ज्यानं कोर्टात छाती धडधडणार नाही.

"चेकर गाडीत चढला ना भाऊ," ते म्हणाले, "की ज्याच्यापाशी तिकीट नसते तो खिडकीबाहेर पाहाते. मी शवासनात साऱ्यायले डोये मिटाले सांगतो. तुमी एकटे छत पाहून राह्यले दोन महिन्यांपासून. तवाच मी समजलो."

"मंग काय करू? एखादं आसन..."

"पवनमुक्तासनानं गॅस निंगते. सही नाई निंगत."

आणि त्यांनी चौदाचा आकडा जरा जास्तच दाबून गिरवला.

तारखेच्या दिवशी तालुक्याला जायला आमच्या फाट्यावरून सकाळी एकच जीप मिळते. त्यामुळे आम्ही तिघं त्याच जीपमध्ये होतो. काकूंनी पुढच्या सीटवरून मागे वळून मला विचारलं, "पाठ हाय ना सारं?" आरोपी माझ्या अर्ध्या मांडीवर बसला होता. त्यानं चेहरा शांत ठेवला होता.

कोर्टाच्या व्हरांड्यात जमादार भेटले. "फकत हो म्हना. जास्त डोकं लावू नका," ते म्हणाले आणि माझी कॉलर सरळ केली.

माझं नाव पुकारलं गेलं. मी पिंजऱ्यात उभा राहिलो, शपथ घेतली.  सवयीनं माझा अंगठा नाकावर गेला. उजवी बंद, डावीनं घ्या. डावी बंद, उजवीनं सोडा.

"साक्षीदार नाक का दाबत आहेत?" न्यायाधीश बाईंनी विचारलं.

"मॅडम, प्राणायाम."

"हे नोंदवू का?" टाइप करणाऱ्या माणसानं विचारलं.

"नको. तुम्ही हात खाली घ्या. पाणी प्या. चला."

सरकारी वकिलांनी कागद माझ्यापुढे धरला. ही सही तुमची का? हो. ही खोडलेल्या जागेवरची? तीही माझी. मग त्यांनी आवाज जरा चढवून विचारलं, "त्या दिवशी दुपारी चार वाजता तुम्ही पोलिसांबरोबर आरोपीच्या शेतात गेला होतात. बरोबर?"

मी पाहिलं तर काकू मागच्या बाकावरून मान हलवत होत्या. मला धीर द्यायला. हो, हो म्हणा.

"नाही," मी म्हणालो.

वकिलांना वाटलं मला ऐकू आलं नाही. त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला.

"नाही साहेब. मी शेतात गेलोच नाही. सही दुकानात केली. मोटर पिकअपमध्ये पाहिली. कुटार मी पाहिलं नाही, आरोपीला ते उपसतानाही पाहिलं नाही."

"नीट आठवून सांगा!"

"साहेब, चार महिने दुसरं काही आठवलंच नाही."

त्यांनी कागद टेबलावर टाकला आणि साक्षीदार फितूर झाला आहे असं कोर्टाला सांगितलं. तो शब्द मी शाळेत इतिहासाच्या तासाला ऐकला होता. किल्ल्याचं दार उघडून देणाऱ्या माणसाला म्हणायचे. मग त्यांनी मला उलटं विचारायला सुरुवात केली. आरोपीशी तुमची ओळख आहे? आहे. त्याला रोज भेटता? रोज, सकाळी सहाला. कुठं? त्याच्या शेजारी झोपतो. कोर्टात हसू फुटलं. मी योगाचं सांगितलं तेव्हा ते आणखी वाढलं.

न्यायाधीश बाई हसल्या नाहीत. "शेतात गेला नाहीत, तर सही का केलीत?"

मी खूप उत्तरं तयार करून गेलो होतो. पोलिसांचा धाक, कामाची घाई. पण शपथ घेतलेली होती.

"चिखलात पाय भरतील म्हणून."

टाइप करणारा थांबला. बाई म्हणाल्या, "लिहा." ते त्यानं लिहिलं. आता ते माझ्या नावासमोर कायमचं आहे. पुढची दोन मिनिटं बाई मला जे बोलल्या ते टाइप झालं नाही, पण मला पाठ आहे. असल्या सहीनं एखाद्याचं आयुष्य जातं, हे त्याचं सार.

मग आरोपीचे वकील उठले. ते फार खुशीत होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, मी 'हो, गेलो नाही' म्हटलं आणि ते बसायला लागले.

"पण मोटर काकूंचीच आहे," मी म्हणालो. "वायंडिंग माझं आहे. पाच एचपी. मी कुठंही ओळखीन."

"विचारलं तेवढंच सांगा!" आरोपीचे वकील ओरडले. सरकारी वकीलही माझ्याकडे बघत होते, पण आता कोणत्या नजरेनं ते मला ठरवता आलं नाही. दोन्ही बाजूंना नको झालेला माणूस म्हणून मी पिंजऱ्यातून खाली उतरलो.

परतीची जीपही एकच. जमादार त्यांच्या मोटारसायकलवर गेले, माझ्याकडे न बघता. आम्ही तिघं मधल्या सीटवर. काकू खिडकीशी, मग मी, मग तो. क्रम ओट्यावरचाच होता, ते त्या वेळी माझ्या लक्षातही आलं नाही.  जीपवाल्यानं गाणी लावली होती, ती काकूंनी बंद करायला लावली.

"तुमी खरं बोलले," काकू मला म्हणाल्या. खिडकीबाहेर बघतच. "तीन वर्सं उशिरानं."

"काकू, माफ करा."

"तुमच्या माफीनं वावरात पानी येते काय? मोटर माही तिकडे ठाण्यात पडून हाय, पावसात. मी बादलीनं भाज्या जगवून राह्यली."

तेव्हा तो पलीकडून वाकला. "काकू, ते भेटते ना मोटर. केस चालू असली तरी भेटते. सुपूर्तनाम्यावर. अर्ज द्या लागते कोर्टात, का मोटर माही हाय, पाह्यजे तवा आनून दाखवीन. माह्या भाच्याची गाडी आमी तशीच सोडवली."

काकू सावकाश वळल्या. त्याच्याकडे पाहायला त्यांना माझ्या छातीवरून वाकावं लागलं.

"हे तुले तीन वर्सांपासून माईत होतं?"

"तुमी माह्यासंगं बोलतच नोत्या."

"तू चोरली काय रे? सांग खरं."

जीपमधले बाकीचे लोकही ऐकू लागले. त्यानं चेहरा शांत करायचा प्रयत्न केला. तो या वेळी झाला नाही.

"नाई काकू. माह्या लेकराची शपथ. पन... नाल्यात मले ते दोन दिस आधीच दिसली होती. मी तशीच राहू देली. म्हटलं आपून सांगतलं तं आपल्यावरच येईन. तं आलंच."

हे खरं की खोटं, मी आजही सांगू शकत नाही. निकाल अजून लागलेला नाही. न पाहिलेल्या गोष्टीवर मत द्यायची माझी सवयही मोडली आहे.

काकूंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"एकानं पाह्यलं नाई तं सांगतलं. एकानं पाह्यलं तं सांगतलं नाई. आन् मोटर माही गेली. चांगले भेटले दोघं मले!"

जीपवाला हसला. त्याला त्यांनी 'समोर पाह्य' म्हणून गप्प केलं. मग पिशवी मांडीवर घेऊन म्हणाल्या, "परवा सुट्टी नाई ना कोर्टाले? तू अर्ज कसा लिवाचा ते वकिलाले इचारून ठेव. आन् तुमी," त्यांचं कोपर माझ्या बरगडीत लागलं, "उद्या माह्यासंगं ठाण्यात चाला. मोटर उघडून पाहा, जंग किती लागला ते मले सांगा. तुमच्या डोयानं पाहून सांगा."

"येतो काकू."

"तिथं चिखल राहीन."

"येतो," मी पुन्हा म्हणालो आणि किती वाजता निघायचं ते विचारलं.